गळकी काच आणि आमची घाई

गेल्या पावसाळ्यात आम्ही रत्नागिरीहून चिपळूणला निघालो होतो. अम्मी पुढच्या सीटवर. हातखंबा मागे पडला, पावसाने जोर धरला आणि अम्मी म्हणाल्या, "अरे, माझे पाय भिजले." मॅट उचलून पाहिली, तर खालचा गालिचा चिंब! गाडीत कुबट वास येतो, असे अम्मी पंधरा दिवस सांगत होत्या. आम्ही सुगंधाची बाटली लटकवून मोकळे झालो होतो. त्यांना दमा आहे. परतीच्या वाटेवर खोकला थांबेना.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणून काचेच्या कडांना आम्हीच फासली. पुढच्याच सरीत पाणी पुन्हा आत!

मग काचवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी वायपरच्या जाळीखालचा पालापाचोळा काढला. "कधी कधी एवढ्यानेच गळती थांबते," ते म्हणाले. मग आम्हाला टॉर्च देऊन आत बसवले आणि बाहेरून पाइपाने हळूहळू पाणी सोडले. आधी खालच्या कडेला, मग बाजूंना, शेवटी वर. पाणी पायाशी साचत होते, पण शिरत होते वरच्या कोपऱ्यातून. काच काढली, तर चौकटीला गंज. आमचे सिलिकॉनही खरवडावे लागले, कारण त्यावर नवा गोंद धरत नाही.

गाडी आजच हवी, असा आम्ही हट्ट धरला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सर, गोंद वाळल्याशिवाय देणार नाही. ही काच नुसता वारा अडवत नाही. गाडी उलटली तर टपाला आधार देते. पुष्कळ गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅगही हिच्यावर टेकूनच फुगते." आम्ही गप्प बसलो.

आता मिरगाआधी जाळी साफ करतो, वायपरचे रबर बदलतो. कोरड्या धुळीवर वायपर चालवत नाही, चरे पडतात. खडा लागून टिकली पडली, तर चीर वाढण्याआधी ती भरून घ्यायची. धुतल्यावर मॅट उचलून हात फिरवायचा.

गणित चुकते त्या पायरीवर नव्हे, चूक सुरू झाली तिथे बघा, असे वर्गात मुलांना आम्ही रोज सांगतो. घरात मात्र वासावर अत्तर शिंपडत बसलो.

परवा भर पावसात अम्मी पुन्हा पुढे बसल्या. चप्पल काढून त्यांनी आधी पायाने मॅट चाचपली, मग म्हणाल्या, "चला."