चार चतकोर

धाकटा भाऊ गेला. त्यानंतर जळगावच्या घरातलं फडताळ आवरताना माझी बी.ए.ची मानसशास्त्राची वही हाती लागली. उघडताच कुबट वास आला आणि पान निघालं ते पियाजेच्या प्रयोगाचं. दोन सारखे पेले, सारखं पाणी. एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की सहा-सात वर्षांच्या आतलं मूल म्हणतं, यात जास्त आहे.

वर्गात हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आजी आली होती. १९७२ चा दुष्काळ. चुलीत पऱ्हाट्या, तव्यावर कळण्याची भाकरी. वाट्याला एकच यायची आणि भाऊ दुसरीसाठी भोकाड पसरायचा. आजी तीच भाकरी मोडायची, चार चतकोर ताटलीभर लांब लांब मांडायची. "घे भो, आता चार!" तो नाक पुसत जेवायला लागायचा. पियाजेनं स्वतःच्या तीन मुलांना न्याहाळून पुस्तकं लिहिली. आजीनं नातवंडांना न्याहाळून ते साल काढलं.

एरिकसननं सांगितलेल्या आयुष्याच्या आठ टप्प्यांवर मात्र माझा जुना राग आहे. पुढे धुळ्यात शिकवायला लागले, तिथंही वयांचा तोच तक्ता फळ्यावर काढावा लागे. पौगंडावस्थेत माणूस 'मी कोण' हे शोधतो, म्हणे. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं, तिशीत वैधव्य आलं. त्यांना पौगंडावस्था कुणी दिली? तरी जात्यावर, शेतात त्यांनी मनाचा जो ठाव घेतला, तो माझ्या एकाही क्रमिक पुस्तकात मला सापडला नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव यांनी ओव्या उतरवून घेतल्या, बाई १९५१ मध्ये गेल्या, आणि दुसऱ्या वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. लिहून घेणारं कुणी नसतं तर?

आठवा टप्पा म्हातारपणाचा: मागं वळून पाहायचं, समाधान की खंत ते ठरवायचं. त्याचं उत्तर मला अजून तोंडपाठ आहे. भाऊ सातव्यातच गेला. आजीची ती भाकरी आठवणारं आता घरात दुसरं कुणी नाही.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. तिथं मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, टप्पे पाठ कराच. पण सुट्टीत गावी गेलात की आजीजवळ बसा, रडणारं लेकरू ती कसं उगी करायची ते विचारा, आणि तिच्याच बोलीत लिहून घ्या.