७१ नंबरची बस

ब्रुसेल्सला जायचं ते वॉफल खायला, असं मी लेकाला सांगितलं होतं. प्रत्यक्षात फेब्रुवारीतल्या त्या पावसाळी शनिवारी आम्ही तिघं ७१ नंबरच्या बसमध्ये लोंबकळत सोलबॉशच्या विद्यापीठाकडे निघालो होतो. गर्दी अशी की दादर आठवावं! "फॉस्डेम म्हणजे आमची वारी," असं नवऱ्याने आइंडहोवनहून निघतानाच बजावलं होतं.

ओपन सोर्सवाल्यांचा हा मेळावा बऱ्याच वर्षांपासून भरतो. ना तिकीट, ना नावनोंदणी. वाट दाखवणारे, खोली भरली की दारात पाटी धरून उभे राहणारे, सगळे स्वयंसेवक.

माझा प्रश्न साधा होता: ही माणसं फुकट का राबतात? नाशिकला मी आठ वर्षं मराठी शिकवलं. इथे डच येत नाही, म्हणून शाळेचं दार बंद. फॉर्मवरच्या ‘व्यवसाय’ या रकान्याशी माझं पेन अजून अडतं. फुकटच्या कामाला किती मान असतो, हे मला कुणी सांगायला नको.

सगळेच काही संत नाहीत म्हणा. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला नाव. बऱ्याच जणांना तर कंपन्याच पगार देतात. आणि २०१४मध्ये ‘हार्टब्लीड’ची चूक सापडली, तेव्हा कळलं की अर्ध्या जगाचे इंटरनेट व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर विसंबून आहेत, ते सांभाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी! हे मला अजूनही अन्यायाचं वाटतं.

एका टेबलामागे ब्रिटनीचे एक आजोबा बसले होते. ब्रेटन भाषेत भाषांतर करतात. ते म्हणाले, त्यांच्या आईला शाळेत ही भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. आता नातीच्या संगणकावर तीच भाषा दिसते. मग त्यांनी मला विचारलं, "तुमची भाषा कोणती?" आणि तिथल्या तिथे मराठी लावून दाखवली.

मेनू उघडला. ‘पुर्ववत करा’.

पु ऱ्हस्व! माझा हात लाल पेन शोधू लागला.

परतीच्या गाडीत नवऱ्याने खातं उघडून दिलं. लेक वॉफलची साखर चाटत म्हणाला, "आई, तू इथेपण वह्या तपासणार?"

दोन आठवड्यांनी दुरुस्ती स्वीकारली गेली. आता रोज रात्री भांडी आवरली की वीसेक ओळी तपासते. परवा ‘ताजेतवाने करा’पाशी अडले आहे. कुणाला बरा शब्द सुचला तर जरूर कळवा.