पारावरची रात्र

बालकवींची ‘खेड्यातील रात्र’ परवा पुन्हा वाचली आणि वडाच्या पारापाशी अडले. माळ, ढासळलेला बुरूज, कुणी न फिरकणारं देऊळ. रात्रीच्या कवितेत हे यायचंच. पण पार? पार म्हणजे गावाची बैठक. कापसाच्या भावापासून सोयरिकीपर्यंत सगळं तिथं बोललं जातं. त्याच जागी कवीनं काळोख आणून बसवला. रानाला रात्री एकटं वाटत नसावं. एकटी पडते ती माणसांची जागा, माणसं उठून गेल्यावर.

माझं आजोळ जळगावकडचं. उन्हाळ्यात आम्ही धाब्यावर झोपायचो, समोर खाली पार. जेवणवेळेला तो रिकामा व्हायचा. एक आबा तेवढे उरायचे. बायको गेलेली, मुलगा सुरतेला. अंधारात त्यांच्या विडीचा लाल ठिपका दिसायचा. गोधड्या अंथरता अंथरता आजी वरून विचारायची, “आबा, जेवले का?” खालून उत्तर यायचं, “हो माय.” रोज तेच. ते जेवलेले नाहीत हे तिला ठाऊक असायचं. मग मामा भाकरी आणि भाजीची वाटी घेऊन खाली उतरायचा, पाराच्या कडेला ठेवून मुकाट परतायचा. सकाळी घासलेली वाटी आमच्या ओट्यावर असे. आबा घरी का जात नाहीत, असं मी आजीला विचारलं होतं. “घरी कोण विचारील त्यांना?” एवढंच म्हणाली आणि कूस बदलली.

तिनं बालकवी वाचलेले नव्हते.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, वय अवघं २७. त्या मरणाची सावली त्याच्या प्रत्येक उदास ओळीत शोधणं मला पटत नाही. खानदेशातल्या माणसाला रात्रीचा पार दिसला, त्यानं तो लिहिला. ‘फुलराणी’ लिहिणारा हात तोच होता, हे मला अधिक मोलाचं वाटतं.

शाळेत आपल्याला त्यांचा श्रावण भेटतो, ही रात्र क्वचितच. घरातल्या मुलांना ‘फुलराणी’ म्हणून दाखवाल, तेव्हा हीसुद्धा वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा, मनातल्या मनात वाचली तर तिचा नाद हाती लागत नाही.