मासा नव्हे तो!

ज्या घराचा उंबरठा मासळीनें पिढ्यान् पिढ्या ओलांडला नाहीं, त्या घरांत वाढलेल्या मनुष्यानें मच्छीमाराच्या मुलास मासा म्हणजे काय हें शिकवावें, यांत जो विनोद आहे तो आमच्या ध्यानीं यावयास बरेच दिवस लागले. मालवणच्या बाजूस समुद्रकांठच्या एका शाळेंत आम्ही सहावी-सातवीच्या मुलांस विज्ञान शिकवितों. मुलें तरतरीत, आणि समुद्र तर त्यांच्या अंगणांतच. तेव्हां पाण्यांत राहणाऱ्या सस्तन प्राण्यांचा विषय आपण सहज रंगवूं, अशी आमची समजूत होती.

त्या दिवशीं आम्हीं फळ्यावर दोन रकाने आंखले. एकीकडे मासा, दुसरीकडे डॉल्फिन. माशाला कल्ले, याला फुप्फुसें. माशाचें शेपूट डावीउजवीकडे हलतें, याचें वरखालीं. बहुतेक मासे अंडीं घालतात, याची मादी पिल्लास जन्म देऊन दूध पाजते. त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आंत आपल्या हातांतल्यासारखींच, बोटांसकट, हाडें असतात, हें सांगतांच मुलांनीं आपापलीं मनगटें चाचपून पाहिलीं. आम्ही खूष झालों. मग शिक्षकाला आवरत नाहीं तो उपदेश आलाच : असा हा आपला सोयरा, याचें रक्षण करणें आपलें कर्तव्य, इत्यादि. तोंच शेवटल्या बांकावरला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, गादा आमचीं जाळीं फाडतो." वर्ग हंसला. आम्हीं "बरें, बस खालीं" असें म्हणून पुढला मुद्दा घेतला.

रात्रीं जेवतांना ही हकीकत घरीं सांगितली, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तुम्ही त्याला उत्तर काय दिलेंत?" उत्तर आम्हीं दिलेंच नव्हतें.

पाठीवर उंचवटा असलेला जो डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यांत आणि खाड्यांच्या मुखाशीं राहतो, त्याला इकडे गादा म्हणतात. ज्या पाण्यांत तो शिकार करतो, त्याच पाण्यांत लहान होड्यांचे मच्छीमार जाळें टाकतात. जाळ्यांत अडकलेली मासळी म्हणजे गाद्याला वाढून ठेवलेलें पानच. तो ती ओढून खातो आणि जाळें फाटतें. कधीं तो स्वतःच गुरफटतो, आणि श्वासासाठीं वर येतां न आल्यामुळें पाण्यांतला हा प्राणी पाण्यांतच गुदमरून मरतो.

रविवारीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. वडील पडवींत जाळें सांधीत बसले होते. त्यांनीं फाटलेला भाग उलगडून दाखविला. त्यांतून आमच्यासारखा मनुष्य सहज पलीकडे गेला असता. मग सुईवरची नजर न उचलतां ते म्हणाले, "सर, तेंका मारूचा नाय, ह्यां माका ठावक आसा. पण माज्या जाळ्याचे पैसे कोण देतलो?" १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें नांव आम्ही वर्गांत मोठ्या तोऱ्यानें घेत असूं. परंतु अडकलेल्या संरक्षित जीवास सोडविण्यासाठीं जाळें कापलें, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचें महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं ठरविलें होतें, हें आम्हीं त्यानंतर घरीं येऊन शोधून वाचलें! गाद्यानें नुसतें फाडलेलें जाळें त्यांत बसत नाहीं, हेंहि त्यांस जाऊन सांगावें लागलें.

पुढला तास आम्हीं धक्क्यावर घेतला. मुलांच्या हातीं घड्याळ दिलें आणि गादा दोन श्वासांमध्यें किती वेळ पाण्याखालीं राहतो तें मोजावयास सांगितलें. मुलेंहि आपला श्वास कोंडून बसलीं. बहुतेकांना गाद्याच्या आधींच सोडावा लागला. गादा कुठें वर येईल हें त्या शेवटल्या बांकावरल्या मुलास आधींच कळे. तो बोट दाखवी, आणि आम्ही चष्मा सांवरीपर्यंत तो खालीं गेलेला असे.

२०२३ च्या नोव्हेंबरांत, दिवाळीच्या सुटींत, गणपतीपुळ्याच्या पुळणीवर निळ्या देवमाशाचें सुमारें ३० फूट लांबीचें पिल्लू येऊन अडकलें. एवढ्या देहाचा भार पाणीच पेलतें. वाळूवर आल्यावर तोच भार फुप्फुसांवर बसतो, आणि थंडीपासून राखणारा चरबीचा थर अंगांतली उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. माणसें त्याच्यावर पाणी ओतीत राहिलीं, भिजलेलीं कापडें घालीत राहिलीं, आणि सुमारें चाळीस तासांच्या खटपटीनंतर तें खोल समुद्रांत नेऊन सोडण्यांत आलें. आमच्या घरांत फराळाचे डबे उघडे टाकून सारीं मंडळी बातम्यांपुढें बसलीं होतीं. तें सुटलें तेव्हां आईनें देवापुढें साखर ठेविली. पुढें थोड्याच दिवसांत तें मृतावस्थेंत किनाऱ्यास लागलें.

शाळा उघडल्यावर मुलें काय विचारणार हें दिसतच होतें. आईचें मत असें पडलें कीं, लहान जीवांस तें आपल्या आईकडे गेलें म्हणून सांगावें. त्यांत पाप नाहीं. आमच्या थोरल्या बंधूंचेंहि तेंच म्हणणें. आम्ही वर्गाच्या दारापर्यंत त्याच विचारांत होतों. परंतु ज्यांच्या घरचीं माणसें रोज समुद्रावर जातात, त्यांस समुद्राविषयीं खोटें कसें सांगावें? जें घडलें तें सांगितलें. दोघी मुली रडल्या. आमचाहि आवाज नीट लागेना.

तेव्हां तोच मुलगा, या खेपेस बसल्या जागेवरूनच, म्हणाला, "आई जवळ नव्हती, सर. मग त्याला दूध कोण पाजणार?" फळ्यावरल्या दुसऱ्या रकान्यांतली ती शेवटची ओळ होती.

कोणीतरी विचारलें, दूध तरी किती लागतें? दिवसाला सुमारें २०० लिटर, असें आम्हीं सांगितलें. म्हणजे चाळीस लिटरच्या पांच किटल्या, असा हिशेब मुलांनींच केला. गांवांतल्या डेअरीवर दोन्ही वेळचें मिळून तेवढें दूध येतें कीं नाहीं, यावर मग मोठा वाद सुरू झाला, आणि तो मिटण्यापूर्वींच घंटा झाली.