आजोबांचा हिशेब

चेन्नईच्या पेरांबूर भागात राहणारे एक मराठी आजोबा. सारी हयात आकडेमोडीत गेलेली. वाण्याची यादी हातात पडायचा अवकाश, की बेरीज ओठांवर तयार! त्यांची बायपास झाली, जखमही छान भरली. पण एका सकाळी दुधाचा हिशेब तीनदा करूनही जुळेना. वही मिटून ते म्हणाले, "अगं, हृदय दुरुस्त झालं, पण डोकं बिघडलं बघ." आजी हसल्या खऱ्या, पण स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पदराने डोळे टिपले.

पुढच्या तपासणीला सूनबाईंनी डॉक्टरांना विचारलंच, "बाबा विसरायला लागलेत. त्या मशीनमुळे का हो?"

प्रश्न जुनाच आहे. भारतातली पहिली बायपास डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ साली केली, तीही याच पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात. नेहमीच्या पद्धतीत हृदय थांबवून रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. त्या वेळी बारीक गुठळ्या किंवा हवेचे बुडबुडे मेंदूपर्यंत जात असावेत, अशी शंका होती. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २६१ रुग्णांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घटलेली दिसली. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. पाच वर्षांनी मात्र पुन्हा ४२ टक्के झालं.

मग मशीनशिवाय, धडधडत्या हृदयावरच शस्त्रक्रिया केली तर? नेदरलँड्समध्ये २८१ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. पाच वर्षांनंतरचा निष्कर्ष २००७ मध्ये आला : मेंदूच्या बाबतीत दोन्हींत फरक आढळला नाही. म्हणजे सगळं खापर मशीनवर फोडून चालणार नाही. वय, रक्तदाब, मधुमेह आणि आधीच खराब झालेल्या रक्तवाहिन्या यांचाही त्यात वाटा असू शकतो.

डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांना काही महिन्यांत बरं वाटतं. रक्तदाब आणि साखर सांभाळा. आणि हो, त्यांची वही काढून घेऊ नका."

सूनबाई घरासाठी कॅल्क्युलेटर आणणार होत्या; तो बेत त्यांनी सोडून दिला. आता रोज सकाळी आजोबा हिशेब मांडतात आणि आजी शेजारी बसून मोठ्याने आकडे वाचतात. बेरीज कधी जुळते, कधी नाही. पण आजोबा वही मिटत नाहीत आणि आजींना स्वयंपाकघरात जाऊन डोळे टिपावे लागत नाहीत.