शर्यतीच्या पडद्यामागें

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य भागांत, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याजवळ, पो नांवाचें एक टुमदार शहर आहे. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचा जन्म १५५३ सालीं येथील किल्ल्यांत झाला. परंतु आज पुष्कळ लोक या शहरास ओळखतात तें 'टूर द फ्रान्स' या सायकलशर्यतीचें ठाणें म्हणून. १९०३ सालीं सुरू झालेल्या या शर्यतीनें येथें सत्तरांहून अधिक वेळां मुक्काम केला आहे. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त तुलूझ येथें असतो. त्याच्याकडे आम्ही गेलों असतां १२ जुलै २०२४ रोजीं हा मुक्काम पाहण्याचा योग आला.

शर्यतीचें स्वरूप प्रथम सांगणें अवश्य आहे. त्या वर्षीं २२ चमू होते व प्रत्येकांत ८ स्वार, म्हणजे एकूण १७६. त्यांनीं २१ टप्प्यांत सुमारें ३,५०० किलोमीटर अंतर कापावयाचें. विश्रांतीचे दिवस काय ते दोन. सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजयी. विजयी एकच, मग चमूंतील बाकीचे सात जण कशाकरितां झिजतात, ही शंका आमच्याप्रमाणें वाचकांसही येईल. तिचें उत्तर आम्हांस एका हॉटेलाच्या मागील अंगणांत मिळालें.

पुतण्याच्या एका परिचिताच्या कृपेनें त्या सायंकाळीं एका चमूच्या बिऱ्हाडीं जावयास मिळालें. अंगणांत मोठी मोटारलॉरी उभी होती. दोन मिस्त्री सायकली टांगून साबणाच्या पाण्यानें घासून धूत होते, साखळ्या पुसून तेल घालीत होते व टायर बोटांनीं चांचपून पाहत होते. सायकलीचें वजन ६.८ किलोग्रॅमांहून कमी असूं नये असा नियम आहे. म्हणून वजनाचा कांटाही जवळच होता. कपडे धुण्याचें यंत्र अखंड चालूं होतें. आचाऱ्याची गाडी निराळी. तेथें मऊ शिजविलेला भात साखर घालून थापीत होते व त्याच्या चौकोनी वड्या कापून कागदांत गुंडाळीत होते. धांवत्या सायकलीवर खावयाची ती शिदोरी! आमच्या सौभाग्यवतींस त्या परमुलुखांत प्रथमच कांहीं घरचें पाहिल्यासारखें वाटलें.

स्वारांचें अंगमर्दन करणारे, पिशव्या भरणारे व वाटेवर उभें राहून त्या धांवत्या स्वाराच्या हातीं देणारे जे सेवक, त्यांस 'स्वान्यर' म्हणतात. म्हणजे काळजी वाहणारे. त्यांतील एक प्रौढ बाई बाटल्या ओळीनें मांडून भरीत होत्या. सकाळीं सर्वांच्या आधीं उठावयाचें व रात्रीं सर्वांच्या मागून निजावयाचें, हा त्यांचा तीन आठवड्यांचा क्रम. पुतण्याच्या मध्यस्थीनें आम्हीं विचारलें, "बाई, शर्यत आपण पाहतां केव्हां?" त्या हंसून म्हणाल्या, "पिशवी हातांतून सुटते, तेवढीच!"

नायकाच्या सेवेंत धांवणाऱ्या स्वारांस 'दोमेस्तिक' म्हणजे घरगडी म्हणतात. शर्यतीचे पहिले संचालक आंरी देग्रांज यांनीं १९११ सालीं मोरिस ब्रोको या स्वारास तो शब्द हिणवण्याकरितां लावला होता. मूळ लॅटिन 'दोमुस' म्हणजे घर. आमच्या वेदांतील 'दम' हा गृहवाचक शब्द, जो 'दंपती' या शब्दांत अजून नांदतो आहे, तो त्याचाच सगोत्र. वारा आपल्या अंगावर घेऊन नायकास आड चालविणें, मागें मोटारीपर्यंत जाऊन सर्वांच्या बाटल्या आणणें, प्रसंगीं आपलें चाक काढून नायकास देणें, हीं या घरगड्यांचीं कामें. १९३४ सालीं वीस वर्षांच्या रने व्हिएतो यानें आपलें चाक नायक आंतोनँ मान्य यास दिलें व आपण कठड्यावर रडत बसला. ती शर्यत मान्य यानें जिंकली.

दुसऱ्या दिवशींचा टप्पा पो येथून निघून २,११५ मीटर उंचीची तुर्माले खिंड ओलांडणार होता. आम्ही खिंडीपलीकडील सेंत-मारी-द-कांपां या खेड्यांत जाऊन उभे राहिलों. याच गांवीं १९१३ सालीं अझेन क्रिस्तोफ हा चिमटा तुटलेली सायकल घेऊन दहा किलोमीटरांहून अधिक चालत आला, व लोहाराच्या भट्टीवर त्यानें ती स्वतः दुरुस्त केली. परक्याचें साहाय्य घेण्यास मनाई होती. एका मुलानें भाता ओढला, एवढ्याकरितां त्यास दंड म्हणून वेळ वाढवून देण्यांत आला! भाता ओढणारा एक हात जिला खपला नाहीं, ती शर्यत आज शेंकडों हातांवर चालते.

पुढारी स्वार डोळ्यांदेखत निघून गेले. बऱ्याच वेळानें थकलेल्यांचा एक जथा आला. अंगणांत पाहिलेल्या चमूचे दोघे त्यांत होते. त्यांचें काम संपलें होतें, पण सुटका नव्हती. ठरलेल्या मुदतींत न पोंचल्यास शर्यतींतून नांव कमी होतें. शेवटच्या चढावावर ॲडम येट्स पुढें निसटला होता. त्याचा नायक तादेय पोगाचार मागून येऊन मिळतांच त्यानें नायकास कांहीं अंतर ओढून नेलें व मग तो मागें पडला. पोगाचार यानें तो टप्पा जिंकला, व पुढें नीस येथें सबंध शर्यतही जिंकली.

विजेत्याचें बक्षीस ५,००,००० युरो. परंतु तें तो एकटा ठेवीत नाहीं. सोबत्यांपासून मिस्त्री व स्वान्यरांपर्यंत वांटून देण्याची जुनी चाल आहे. शिवाय दोमेस्तिकाचें वेतन कराराप्रमाणें ठरलेलें असतें.

आमच्या एकत्र कुटुंबांतही एक भाऊ शेतीवाडी व म्हातारीं माणसें सांभाळीत मागें राहतो, म्हणून दुसरा मोठ्या हुद्द्यास चढतो. एखादी काकू जन्मभर चुलीपुढें बसते, म्हणून घरचीं चार मुलें शिकतात. त्यांच्या त्यागाची स्तुति आम्ही पुष्कळ करतों. पण त्यांचा वांटा किती, हें वेळेवर ठरविणारीं घरें थोडीं. त्या चमूंत हें सर्व आधींच कागदावर होतें, तरी त्यामुळें माया उणी झालेली आम्हांस दिसली नाहीं. मागें राहिलेल्यास आपला हिशेब तोंडानें मागावा लागूं नये, एवढी तजवीज घरच्या कर्त्या पुरुषानें आपण होऊन करून ठेवावी, असें आम्हांस वाटतें.