पंचेचाळीस ते छप्पन्न... मधलं काय?

सोलापुरात ‘मी गोल्फ खेळतो’ असं सांगितलं की समोरचा दोनपैकी एक प्रश्न हमखास विचारतो. ‘काय बे, लॉटरी लागली काय?’ किंवा ‘ते कॉम्प्युटरवरचं होय?’ सात रस्त्यावरून गोल्फची बॅग घेऊन स्टेशनला निघालं की रिक्षावाल्याला आत तंबोरा आहे असं वाटतं. आणि कट्ट्यावरच्या मित्राचा प्रश्न तर सगळ्यांत भारी, ‘एक बॉल मारायला चौदा काठ्या?’

हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाहीये हा. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. पण कोणते चौदा, आणि खरंच चौदा लागतात का, याचा हिशोब माझ्यासारख्या माणसाला करावाच लागतो. मी खेळतो पुण्याला. शनिवारी सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस, रात्री मावसभावाकडे मुक्काम आणि रविवारी पहाटे ओळखीच्या मेंबरचा गेस्ट म्हणून येरवड्याचा पुना क्लब गोल्फ कोर्स. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. असे वर्षाला आठ-दहा राउंड झाले तरी डोक्यावरून पाणी. त्यात एक चांगली नवी वेज घ्यायची तर दहा हजारांच्या वर सहज जातात. म्हणजे वेज निवडणं हे माझ्यासाठी शॉपिंग नाही, वर्षाचं बजेट आहे बॉस!

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. वेज म्हणजे नॉनव्हेजच्या उलट ते नव्हे! वेज हे बॅगेतले आखूड क्लब. त्यांचा चेहरा बराच मागे झुकलेला असतो. या झुकण्याच्या कोनाला म्हणतात लॉफ्ट. लॉफ्ट जास्त म्हणजे बॉल उंच जातो आणि जवळ पडतो. पिचिंग, गॅप, सँड आणि लॉब अशी ही चार भावंडं. शेवटच्या शंभर-सव्वाशे यार्डांचा कारभार यांच्याच हातात असतो, आणि हौशी खेळाडूचा स्कोअर बनतो-बिघडतो तो याच टापूत.

माझ्याकडचा सेट मावसभावाने नवा घेतल्यावर माझ्याकडे आला. त्यातली पिचिंग वेज ४५ अंशांची, सँड वेज ५६ ची. दोघींच्या मध्ये ११ अंश! साधारण ४ अंशांमागे दहा-बारा यार्डांचा फरक पडतो. माझी पिचिंग वेज ११० यार्ड जाते आणि सँड ८०. मग ९५ यार्डांवर मारायचं काय? कॅडीकाकांनी पहिल्याच राउंडला नेमकं तिथंच बोट ठेवलं. ‘साहेब, नव्वद-पंच्याण्णवला तुम्ही काय मारता, ते आधी ठरवा. बाकीचं नंतर बघू.’

हे भगदाड पडतं कशामुळे, याची गोष्ट मजेशीर आहे. काही दशकांपूर्वी पिचिंग वेज ५० अंशांच्या आसपास असायची. तिच्यानंतर ५६ ची सँड वेज आली की गणित आपोआप जुळायचं. पण दुकानात क्लब विकला जातो तो ‘किती लांब जातो’ यावर. म्हणून कंपन्या आयर्नचे लॉफ्ट हळूहळू कमी करत गेल्या. आज पिचिंग वेज ४४-४५ ची सर्रास मिळते, काही सेटमध्ये त्याहूनही कमी. तिच्यावर अक्षर ‘पी’च, पण काम जुन्या नऊ नंबर आयर्नचं. सँड वेज मात्र जागची हलली नाही. मध्ये खड्डा पडला, आणि तो बुजवायला कंपन्यांनी गॅप वेज नावाचा आणखी एक क्लब विकायला काढला. आहे की नाही सॉलिड मार्केटिंग?

त्यामुळे पहिला फंडा असा, की क्लबवरच्या अक्षरावर जाऊ नका, अंश बघा. वेजवर ते बहुतेक वेळा कोरलेले असतात. सेटमधल्या पिचिंग वेजवर नसतील तर कंपनीच्या माहितीपत्रकात मिळतात. सुरुवात नेहमी आपल्या पिचिंग वेजपासून करायची आणि पुढे ४ ते ६ अंशांच्या पायऱ्या टाकायच्या. एक पायरी दोनची आणि दुसरी नऊची असला जिना कोण चढणार?

माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक, ४५ नंतर ५०, ५४, ५८. पायऱ्या एकदम गुळगुळीत, पण नवे क्लब तीन. दोन, हातातली ५६ ठेवायची आणि मध्ये फक्त ५० आणायची. पायऱ्या पाच आणि सहा अंशांच्या, नवा क्लब एकच. पुण्याच्या मित्राचं मत पहिल्याकडे. त्याचं म्हणणं, ‘टीव्हीवर बघ, सगळे प्रो चार-चार वेज ठेवतात.’ बरोबर आहे. पण ते रोज खेळतात यार! मी आठवड्याचे पाच दिवस एक्सेल शीट भरतो.

इथं मला डेव्ह पेल्झ कामाला आला. हा माणूस आधी नासात संशोधक होता, मग आयुष्यभर गोल्फच्या शॉर्ट गेमची मोजमापं घेत बसला. १९९९ साली त्याचं ‘शॉर्ट गेम बायबल’ आलं. त्याची घड्याळाची युक्ती साधी आहे. डावा हात हा घड्याळाचा काटा समजायचा आणि मागे नेताना तो साडेसात, नऊ किंवा साडेदहावर थांबवायचा. म्हणजे एका वेजचे तीन स्विंग, तीन अंतरं. पेल्झ स्वतः चार वेजच्या बाजूचा, म्हणजे बारा अंतरं. मी तीन वेजवर थांबलो. ४५ च्या वेजला ११०, ८५, ५५. ५० ला ९७, ७३, ४८. ५६ ला ८०, ६०, ४०. नऊ आकडे मोबाइलमध्ये सेव्ह केले आणि पाठही केले. वर्षाला आठ राउंड खेळणाऱ्याच्या डोक्यात नऊ आकडे राहतात. बारा राहत नाहीत, आणि ऐन वेळी हातात नेमका अनोळखी क्लब येतो.

मग ६० अंशांची लॉब वेज? दिसायला तिच्यासारखी हीरोइन नाही. बॉल आभाळात जातो आणि ग्रीनवर जागच्या जागी बसतो. पण तिला मोठा स्विंग लागतो, आणि पातं जरा इकडंतिकडं लागलं की बॉल ग्रीन ओलांडून पलीकडच्या झाडीत! मे महिन्यातल्या टणक जमिनीवर तर विचारूच नका. ती रोज सराव मागते. माझ्याकडे रोज असतो तो फक्त सात रस्त्याचा ट्रॅफिक.

लॉफ्टच्या नादात बहुतेक जण बाउन्स विसरतात. वेजचा तळ सपाट नसतो, पुढची धार थोडी वर आणि मागचा भाग खाली असतो. या कोनाला बाउन्स म्हणतात. त्यामुळे क्लब जमिनीत न रुतता घसरत जातो. ही करामत जीन साराझेनची. विमानाच्या शेपटीवरून आपल्याला ही कल्पना सुचली, असं तो सांगायचा. त्याने आपल्या क्लबच्या तळाला शिसं वितळवून लावलं, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. मऊ वाळू आणि पावसाळ्यातली ओली जमीन यांना जास्त बाउन्स लागतो, टणक जमिनीला कमी. माझ्या ५६ ला १२ अंश बाउन्स आहे, ती बंकरची राणी. म्हणून ५० ची घेताना मी ८ अंशांची घेतली. दोन्ही ऋतूंची सोय झाली.

आणि हो, खरेदीआधी मोजणी मस्ट! ड्रायव्हिंग रेंजवर प्रत्येक वेजने दहा बॉल मारा. सगळ्यांत लांबचे दोन आणि सगळ्यांत जवळचे दोन सोडून द्या, उरलेल्या सहांची सरासरी काढा. बॉल घरंगळत कुठं गेला ते नाही, हवेतून कुठं पडला ते मोजा. दोन वेजच्या आकड्यांत पंधरा यार्डांहून जास्त फरक असेल तर मध्ये क्लब हवा. सात-आठच असेल तर त्यातला एक उगाच जागा अडवतोय.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भारताचे दोन पुरुष गोल्फर उतरले. अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा आणि उदयन मानेही पुण्याचाच. म्हणजे हा खेळ आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. स्पेनचा सेव्ह बायस्तेरोस तर लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर एकाच तीन नंबर आयर्नने खेळायला शिकला, आणि त्या एका क्लबकडून त्याने दहा प्रकारची कामं करून घेतली.

म्हणून कट्ट्यावरच्या मित्राला माझं उत्तर तयार आहे. चौदा ही मर्यादा आहे रे, सक्ती नाही. माझ्या बॅगेत बाराच आहेत. दोन जागा रिकाम्या, खिशात थोडे पैसे शिल्लक. आणि कॅडीकाकांनी पंच्याण्णव यार्ड म्हटलं की हात विचार न करता पन्नासवर जातो.